रविवारचे नागरिक

चौतीस वर्षांची नोकरी संपवून निवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी, सकाळचे अकरा वाजण्याच्या सुमारास, हातात पिशवी घेऊन मी डोंबिवली पूर्वेच्या बाजारात भाजी आणावयास गेलो, तेव्हा अळूच्या जुड्या आणि भेंडीचे वाटे मांडून बसलेल्या, आणि गेली वीस-बावीस वर्षे केवळ रविवारीच माझी गाठ पडत असलेल्या भाजीवाल्या मावशींनी मान वर करून काळजीच्या स्वरात विचारले, "काका, आज कामाव नाय गेलाव? बरा नाय का?" प्रश्न निखळ आपुलकीचा होता आणि त्याला मी हसून उत्तरही दिले, परंतु परतीच्या वाटेवर तो मनात रुतून बसला. धडधाकट माणूस आठवड्याच्या मधल्या वारी, सूर्य वर आलेला असताना, स्वतःच्या गावात हिंडताना दिसला तर ते ज्या गावी आजारपणाचे लक्षण समजले जाते, त्या गावाचे आणि त्याच्या रहिवाशांचे नाते काही विलक्षणच असले पाहिजे, आणि त्या विलक्षणपणाची किंमत कोणीतरी कोठेतरी चुकती करीत असले पाहिजे, असे मला त्या दिवसापासून वाटू लागले आहे.

बोलताना आपण डोंबिवलीला मुंबईचे उपनगर म्हणतो; दफ्तर उघडून पाहिले तर मात्र मुंबईशी तिचा जिल्ह्याचा वा महापालिकेचा काडीचाही संबंध आढळत नाही. जिल्हा ठाणे, तालुका कल्याण, आणि १९८३पासून महापालिकाही कल्याणशी सामाईक. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्यास येऊन थांबली आणि पुढल्या वर्षीच्या १ मे रोजी लोहमार्ग कल्याणास भिडला, तेव्हा त्या मार्गाच्या एका टोकाला मुंबई हे वाढते बंदर होते, दुसऱ्या टोकाला कान्हेरीच्या शिलालेखांत नाव कोरले गेलेले कल्याण हे प्राचीन बंदर होते, आणि मध्ये, पारसिकच्या डोंगरापलीकडे उल्हासच्या खाडीलगत, भातखाचरांच्या बांधांनी एकमेकांना जोडलेली पाथर्ली, आयरे, चोळे, ठाकुर्ली, कोपर, नांदिवली अशी आगरी-कोळ्यांची गावे होती. १९१६मध्ये पारसिकचा सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीचा बोगदा खुला झाला, पुढे विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या, आणि मुंबईपासून सुमारे ४८ किलोमीटरांवरचे हे स्थळ मैलांऐवजी मिनिटांत मोजले जाऊ लागले. डोंबिवलीची खरी स्थापना कोणा राजाच्या सनदेने वा सरकारच्या हुकमाने झालेली नसून रेल्वेच्या वेळापत्रकाने झालेली आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

गिरगाव, दादर, परळ येथल्या चाळींतील दहा बाय बाराच्या खोलीत आईवडील, भावंडे आणि गावाहून शिकावयास आलेला एखादा भाचा यांच्यासह वाढलेल्या मध्यमवर्गीय मराठी कारकुनाला, शिक्षकाला, बँकेतल्या रोखपालाला लग्नानंतर स्वतःचा संसार मांडण्यासाठी मुंबईत जागा परवडेनाशी झाली, तेव्हा त्याने हातात रेल्वेचे वेळापत्रक घेऊनच घर शोधले. दुसऱ्या बाजूस, १९४८च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनाने कसणाऱ्या कुळाचे नाव सातबाऱ्यावर खातेदार म्हणून चढण्याची वाट मोकळी झाली होती. त्याच्या पुढच्या पिढीपुढे भातशेतीच्या तुटपुंज्या उत्पन्नाऐवजी जमिनीच्या वाढत्या मोलाचा मोह उभा राहिला. एकाला जमीन विकावयाची होती, दुसऱ्याला छप्पर हवे होते, आणि दोघांच्या मध्ये बांधकाम करणारा उभा होता. रामनगर, टिळकनगर, विष्णुनगर या वसाहती उठल्या. प्रथम बैठ्या चाळी, मग जिन्याच्या तीन-चार मजली इमारती, आणि आता आकाशास टेकणारे मनोरे. १९६४च्या सुमारास आलेल्या औद्योगिक वसाहतीने रासायनिक कारखाने आणले. २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख भरली. आज ती किती असेल याचा अंदाज सकाळी सव्वाआठ वाजता फलाटावर उभा राहणाऱ्यास बरगड्यांवरून येतो.

या लोकांनी येताना आपल्यासमवेत जे आणले ते सामान्य नव्हते. चाळीतल्या गणेशोत्सवाची शिस्त, वाचनालयाची सवय, नाटकाचे वेड आणि सार्वजनिक कामासाठी वर्गणी मागण्याची निःसंकोच वृत्ती ही शिदोरी त्यांनी भातखाचरांच्या गावात सोडली. पु. भा. भावे येथे राहिले, शं. ना. नवरे येथे राहिले. नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फेब्रुवारी २०१७मध्ये येथेच भरले. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची जी प्रथा आज महाराष्ट्रभर रूढ झाली आहे, तिचे उगमस्थान म्हणून डोंबिवलीच्या गणेश मंदिराकडे बोट दाखविले जाते. आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नान उरकून नवे कपडे ल्यालेली तरुण मुले-मुली फडके रस्त्यावर केवळ एकमेकांना भेटण्यासाठी ज्या संख्येने लोटतात, तो देखावा ज्याने पाहिला असेल त्याला 'सांस्कृतिक नगरी' ही बिरुदावली पोकळ वाटणार नाही. मलाही ती पोकळ वाटत नाही. या रस्त्यावर मी तरुणपणी हिंडलो आहे आणि नाट्यगृहाच्या तिकिटासाठी रांगेत उभा राहिलो आहे.

परंतु या सर्व वैभवाच्या वेळा एकदा दिनदर्शिकेशी ताडून पाहाव्यात. स्वागतयात्रा पाडव्याला, म्हणजे सुटीच्या दिवशी, फडके रस्त्यावरचा मेळा दिवाळीच्या पहाटे, व्याख्यानमाला रात्री, नाटक शनिवार-रविवारी, पुस्तकांची देवघेव रविवारी. आमची संस्कृती दिनदर्शिकेवरील तांबड्या आकड्यांत सामावलेली आहे. काळ्या आकड्यांत आम्ही गावातच नसतो. रेल्वे दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक घेते तोही रविवारीच, कारण आज डोंबिवलीकर घरी आहे हे तिलाही ठाऊक असते. मी स्वतः दिवसाला सरासरी तीन तास गाडीत आणि गाडीच्या प्रतीक्षेत काढले. वर्षाचे दोनशे ऐंशी दिवस आणि चौतीस वर्षे असा हिशेब मांडला तर अठ्ठावीस हजारांवर तास होतात, म्हणजे अहोरात्र धरून सव्वातीन वर्षे. तेवढ्या काळात मी ठाण्याची खाडी सहस्रावधी वेळा ओलांडली; माझ्या घरापासून पाच मिनिटांच्या अंतरावरचे प्रभाग कार्यालय मात्र नोकरीच्या संपूर्ण काळात बोटांवर मोजता येईल इतक्या वेळाच पाहिले.

गाव दिवसा रिकामे असते म्हणून गावात दिवसा काही घडत नाही, असे थोडेच आहे? २०१४च्या आरंभी येथे हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२०मध्ये औद्योगिक वसाहतीतला एक रस्ता गुलाबी झाला आणि त्याची छायाचित्रे देशभर कौतुकमिश्रित थट्टेचा विषय झाली. रंगांची ही उधळण कोठून होते हे कळण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नव्हती. २६ मे २०१६ रोजी त्याच वसाहतीतील एका कारखान्यात स्फोट होऊन बाराजण मृत्युमुखी पडले आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ रोजी दुसऱ्या कारखान्यात स्फोट होऊन पुन्हा दहांहून अधिक माणसे दगावली. दोन्ही दिवस गुरुवार होते, दोन्ही स्फोट भरदिवसा, कामाच्या वेळी झाले. आमच्यापैकी बहुतेकांना ते मुंबईतल्या कचेरीत, घरून आलेल्या फोनवर कळले; मलाही पहिला स्फोट तसाच कळला. "तुमच्या खिडकीची काच गेली, पण आम्ही ठीक आहोत," हे पत्नीचे शब्द ऐकून मी जो निःश्वास सोडला, त्यात इतर बारा घरांचा विचार त्या क्षणी नव्हता, हे आज कबूल केले पाहिजे. संध्याकाळी गाडी वेळेवर मिळाली की नाही, हाच त्या दिवशीही माझा दुसरा प्रश्न होता.

स्फोट निदान ऐकू येतो. इमारत निःशब्दपणे उभी राहते. महापालिकेच्या हद्दीतील बेकायदा बांधकामांची चौकशी करणाऱ्या अग्यार समितीने त्यांची संख्या ६७ हजारांहून अधिक सांगितली होती. नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डोंबिवली परिसरातील ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला, कारण त्यांची बांधकाम परवानगीच बनावट होती आणि त्याच बनावट कागदांच्या बळावर महारेराची नोंदणीही मिळविण्यात आली होती. आयुष्याची पुंजी ओतून आणि बँकेचे कर्ज काढून त्यांत राहावयास आलेली कुटुंबे आपापल्या खरेदीखतांच्या प्रती छातीशी धरून दारोदार फिरू लागली. त्यांच्याविषयी सहानुभूती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मला एक निराळाच प्रश्न पडतो. पासष्ट इमारती म्हणजे काही पासष्ट तंबू नव्हेत. पाया खणला गेला, सळया आल्या, मजल्यामागून मजला चढला. शेजारच्या पाच-पन्नास गृहनिर्माण संस्थांतील एकाही सभासदाने महापालिकेत जाऊन या भूखंडाचा नकाशा मंजूर आहे काय, असे का विचारले नसावे? उत्तर साधे आहे. स्लॅब पडत होता तेव्हा विचारणारा घाटकोपर आणि कुर्ल्याच्या दरम्यान कोठेतरी, एका पायावर, दुसऱ्याच्या पिशवीला टेकून उभा होता. रात्री साडेआठला तो घरी आला तेव्हा अंधार होता, आणि अंधारात सगळ्याच इमारती कायदेशीर दिसतात.

याहून बोलका दाखला महापालिकेचाच आहे. नोव्हेंबर २०२०मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि तेथून पुढे पाच वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. साहित्य संमेलनाच्या मंडपात मराठी भाषेच्या भवितव्यावर तासन् तास चर्चा ऐकणारे, संगीत नाटकातील एखादे पद गायकाने गाळले तर व्यवस्थापकास जाब विचारणारे आम्ही लोक, आपल्या प्रभागाला पाच वर्षे नगरसेवक नाही याविषयी कोठे एकत्र जमल्याचे मला स्मरत नाही. करपट्टी येत होती, नळाला पाणी येत होते किंवा येत नव्हते, आणि आमचे चालले होते.

मग दिवसा या गावात असते कोण? मंगळवारच्या अकरा वाजता मला जे दिसले ते सांगतो. निवृत्त माणसे आणि त्यांच्या औषधांची दुकाने. शाळेच्या रिक्षांची वाट पाहणाऱ्या स्त्रिया. वाडे, चाळी पाडून नवे बांधणारे परप्रांतीय मजूर. घरपोच सामान आणणारी मुले. आणि ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या बांधांवर हे सारे उभे आहे ते आगरी-कोळी ग्रामस्थ. यांपैकी शेवटचा वर्गच या मातीवर चोवीस तास राहतो, आणि म्हणून स्थानिक राजकारणात त्याचे वजन आहे. या वजनाविषयी आमच्या वसाहतींतून नाक मुरडून बोलण्याची चाल आहे, ती मला अन्यायाची वाटते. जो गावात असतो तो गाव चालवतो. यात त्याचा दोष काय? उलट २७ गावे महापालिकेत घेतली, २००२मध्ये वगळली, २०१५मध्ये पुन्हा घेतली, या साऱ्या घालमेलीत संघर्ष समिती स्थापून, सभा घेऊन, आपले म्हणणे सरकारदरबारी मांडले ते या ग्रामस्थांनीच. आम्ही त्या बातम्या गाडीत वर्तमानपत्राची चौघडी घालून वाचल्या. आणि 'सांस्कृतिक नगरी' म्हणताना आम्ही जी संस्कृती मोजतो तीत लग्नाच्या हळदीला रात्रभर धवळे गाणारी धवलारीण कोठे आहे, दोन मनोऱ्यांच्या मधल्या बोळातून निघणारी गावदेवीची पालखी कोठे आहे? भाजीवाल्या मावशींची बोली बावीस वर्षे माझ्या कानावर पडत आली. तिचा एक शब्दही मी कधी व्याख्यानमालेत ऐकलेला नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो मी स्वतःच घेतो, की दिवसाचे बारा-तेरा तास नोकरी आणि प्रवास यांत जाणाऱ्या माणसाने नागरिकत्व गाजवावे तरी केव्हा? ९ जून २०२५च्या सकाळी मुंब्र्याजवळ एकमेकींच्या शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतले प्रवासी पडून किमान चारजण प्राणास मुकले. ज्याला जिवंत घरी पोहोचणे हाच दिनक्रमाचा पहिला विजय आहे, त्याला महापालिकेच्या नकाशांचा हिशेब मागण्याचा उपदेश करणे निष्ठुरपणाचे नव्हे काय? आक्षेप खरा आहे. पण त्याच गाडीच्या डब्यात मी दुसरेही काही पाहिले आहे. चौथ्या सीटवर कोणी किती स्थानके बसावयाचे याचा अलिखित कायदा, आजारी सहप्रवाशासाठी अर्ध्या तासात जमलेली वर्गणी आणि तिचा पैशापैशाचा हिशेब, दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला बांधलेली तोरणे, कोपऱ्यातल्या भजनी मंडळाची टाळांची पिशवी सांभाळण्याच्या ठरलेल्या पाळ्या. शंभर-सव्वाशे अनोळखी माणसे कोणत्याही सरकारी फर्मानावाचून असे सुसूत्र स्वराज्य चालवितात, त्यांना स्वराज्य चालविता येत नाही असे कोण म्हणेल? उणीव पात्रतेची नाही. आमची ग्रामसभा रोज भरते. फक्त ती गावापासून दूर जाणाऱ्या गाडीत भरते, आणि तिचे ठराव दादरला उतरताना फलाटावर सांडून जातात.

तेव्हा दोष एकट्या प्रवाशाचा नव्हे; गावाच्या कारभाराने त्याची गैरहजेरी गृहीत धरली आहे आणि ती सोयीचीही करून घेतली आहे. २९ फेब्रुवारी २०२०पासून शासकीय कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. कर्मचाऱ्यांना विश्रांती मिळावी यात वाद नाही. पण त्यामुळे जो एखाद-दुसरा शनिवार चाकरमान्याला आपल्या तालुक्याच्या कचेरीत जाण्यासाठी उरला होता तोही गेला. पावणेदहा ते सव्वासहा ही वेळ नेमकी तीच, जेव्हा डोंबिवलीकर डोंबिवलीत नसतो. दाखला, फेरफार, करआकारणीची हरकत, नळजोडणीचा अर्ज, यांपैकी कशासाठीही त्याला रजा टाकावी लागते, किंवा दलाल गाठावा लागतो. आणि दलालाचा धंदा बहुतांशी त्या गैरहजेरीवरच पोसला जातो.

यावर उपाय सुचविताना मी मोठ्या गोष्टी मागणार नाही, कारण मोठ्या गोष्टी आम्हाला आश्वासनांच्या रूपाने पुष्कळ मिळालेल्या आहेत. ज्या गावाचे वेळापत्रक रेल्वे ठरविते, त्या गावाच्या महापालिकेने आपले वेळापत्रक रेल्वेकडे पाहून ठरवावे. प्रत्येक प्रभाग कार्यालयाने आठवड्यातील दोन संध्याकाळी नऊपर्यंत आणि महिन्यातील एका रविवारी सकाळी कारभार चालवावा, आणि त्या बदल्यात कर्मचाऱ्यांना अन्य वारी सुटी द्यावी. कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे. ती कागदावरून उतरवून शाळेच्या मैदानात, महिन्यातून एका रविवारी, मराठीत कार्यक्रमपत्रिका लावून भरवावी, आणि तिच्या व्यासपीठावर ग्रामस्थ आणि वसाहतवाले यांना शेजारी शेजारी बसवावे. स्वागतयात्रेची आखणी करणारे स्वयंसेवक जर सहस्रावधी लोकांना रांगेने चालवू शकतात, तर पाऊणशे लोकांची सभा त्यांना जड जाऊ नये.

आणि आणखी एक गोष्ट, जिला खर्च जवळजवळ नाही. रेल्वेचा पादचारी पूल ही आमच्या गावातली अशी एकच जागा आहे, जेथून पूर्वेचा आणि पश्चिमेचा, भाडेकरू आणि मालक, आगरी आणि ब्राह्मण, असा प्रत्येकजण दिवसातून दोनदा जातो. त्या पुलावर आज शिकवण्यांच्या, कर्जांच्या आणि नव्या गृहसंकुलांच्या जाहिराती आहेत. त्यांच्या शेजारी एक साधा फलक हवा: या महिन्यात आपल्या प्रभागात कोणत्या भूखंडावर किती मजल्यांना परवानगी दिली, कोणत्या कारखान्याची तपासणी झाली आणि तीत काय आढळले, एवढेच, मोठ्या मराठी अक्षरांत. पुलावर गर्दी तुंबते तेव्हा माणूस एका जागी दोन-तीन मिनिटे सहज अडकून पडतो. तेवढ्या वेळात अर्धे पान वाचून होते.

परवाच्या मंगळवारी मी पुन्हा त्या बाजारात गेलो होतो. मावशींनी आता प्रकृतीची चौकशी करणे सोडले आहे. भेंडी तोलता तोलता त्यांनी समोरच्या गल्लीकडे हनुवटी केली आणि सांगितले, की तिथली जुनी चाळ पाडून काही दिवसांपासून खोदकाम चालू आहे, आणि कोणी विचारावयास आलेले नाही. गेली कित्येक वर्षे त्या तेथे बसून असे पुष्कळ काही पाहत आल्या असतील. सांगावे असा कोणी त्यांना काळ्या आकड्याच्या दिवशी भेटत नव्हता. मी भाजी घेतली, पिशवी घरी ठेवली आणि तेथून पाच मिनिटांवरच्या कार्यालयाकडे निघालो.